बोर्ड गेलाय म्हणे!

इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं काढलेल्या कुठल्याही प्राण्याला विचारा, प्रॅक्टिकलला आउटपुट आलं नाही तर कारण काय? उत्तरं ठरलेली असतात. ब्रेडबोर्ड लूज आहे. प्रोब खराब आहे. आयसी उडालाय. आणि यातलं काहीच खपण्यासारखं नसेल तर सगळ्यात भारदस्त उत्तर: ‘सर, बोर्ड गेलाय!’ या उत्तराचा फायदा असा की बोर्डाला तोंड नसतं, तो उलटून बोलत नाही. पण मित्रहो, बोर्ड कुणाच्या तरी ताब्यात असतो. त्या माणसाला तोंड असतं, आणि त्याला ते उघडायची सोय नसते. आमच्या बीईच्या प्रोजेक्टमधून मी जे शिकलो त्यातलं निम्मं हे आहे. उरलेलं निम्मं थोडं तांत्रिक आहे. पण आपल्या अंकात कवितांना जागा मिळते, तर फिफोलाही मिळावी!

प्रोजेक्ट आम्हाला वारसाहक्काने मिळाला होता. मोटरच्या कंपनांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा: सेन्सरकडून नमुने घ्यायचे, छोट्याशा ३२ बिटी प्रोसेसरने त्यांची सरासरी काढायची आणि आकडे पीसीला पाठवायचे. हे सगळं एका एफपीजीए बोर्डावर. ज्युनिअर्ससाठी सांगतो, एफपीजीए म्हणजे असा चिप की ज्यातल्या हजारो लहानलहान लॉजिक ब्लॉक्सची जोडणी आपण लिहिलेल्या कोडप्रमाणे बदलता येते. आज तो काउंटर, उद्या प्रोसेसर. कोड व्हीएचडीएलमधला, दोन बॅचेसनी मिळून लिहिलेला. आमच्याकडे आला तेव्हा त्याला एकच आजार होता. सुरू केलं की झकास चालायचं आणि पाच ते दहा मिनिटांत कधीतरी गप्प व्हायचं. रिसेट केलं की पुन्हा चालू, पुन्हा गप्प.

आदल्या बॅचने रिपोर्टच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहून ठेवली होती: ‘बोर्ड सदोष असल्याने सलग चाचणी घेता आली नाही.’ ती पोरं पास झाली, नोकरीला लागली. ओळ मात्र मागे राहिली. स्टॉक व्हेरिफिकेशन करणाऱ्या कमिटीने ती वाचली आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये बोर्डापुढे प्रश्नचिन्ह पडलं. मग लॅबच्या काकांना लेखी खुलासा मागवला गेला: आपल्या ताब्यातील उपकरण नादुरुस्त कसे झाले? काका मे महिन्यात रिटायर होणार होते. खुलासा समाधानकारक नसला तर पुढचे कागद अडकतात, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

हे काका कसे, तर बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून बोर्डाच्या डब्यात ठेवणारे! पावसाळ्यात दमट हवा लागू नये म्हणून. आम्ही पहिल्यांदा बोर्ड घ्यायला गेलो तेव्हा म्हणाले, ‘‘घ्या बाबांनो. पण तुम्ही तरी नीट बघा. मी काही त्याला पाण्यात बुडवला नाही.’’ एवढंच. तक्रारीचा सूरही नव्हता.

मॅडमनी, म्हणजे आमच्या गाईडनी, पहिल्याच मीटिंगला विचारलं, ‘‘बोर्ड गेलाय हे तुम्हाला कसं कळलं?’’ पार्टनर म्हणाला, ‘‘मॅडम, सिम्युलेशनमध्ये सगळं बरोबर येतं, बोर्डावर बंद पडतं. म्हणजे बोर्डच.’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘सिम्युलेशन किती वेळ चालवलं?’’

पार्टनरने हिशेब केला. बोर्डाचं क्लॉक ५० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला पाच कोटी ठोके. त्याच्या लॅपटॉपवरचा जीएचडीएल हा फुकट मिळणारा सिम्युलेटर आमचं डिझाइन सेकंदाला साधारण पाच हजार ठोक्यांनी चालवायचा. दहा हजार पट फरक! रात्रभर, म्हणजे आठ तास सिम्युलेशन चालवलं तर बोर्डाची जेमतेम तीन सेकंदं होतात. आजार दिसतो सहाव्या-सातव्या मिनिटाला. सात मिनिटं सिम्युलेट करायची तर हवेत ४८ दिवस, लॅपटॉप अजिबात बंद न करता. हॉस्टेलमध्ये! जिथे सलग ४८ तास कुणी कुणाचा चार्जर काढत नाही अशी नोंद नाही.

म्हणजे ‘सिम्युलेशनमध्ये बरोबर येतं’ या वाक्याचा खरा अर्थ ‘पहिल्या तीन सेकंदांत बरोबर येतं’ एवढाच होता. आणि पहिल्या तीन सेकंदांत बोर्डावरही बरोबरच येत होतं.

सिम्युलेटर इतका हळू का, तेही समजून घेण्यासारखं आहे. वारीत एका ठोक्याला शेकडो टाळ एकदम वाजतात. सर्किटही तसंच असतं, क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला सगळे फ्लिप-फ्लॉप एकदम हलतात. सिम्युलेटर म्हणजे एकटा वारकरी, जो पहिल्याचा टाळ वाजवतो, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा आणि सगळ्यांचे वाजवून झाले की म्हणतो, हा झाला एक ठोका. तो चुकत नाही, पण पंढरपूर लांब राहतं. कोड व्हेरिलॉगमध्ये असता तर व्हेरिलेटरसारख्या साधनाने वेग बराच वाढला असता. ते डिझाइनचं सी-प्लस-प्लसमध्ये रूपांतर करून पळवतं. पण आमची वडिलोपार्जित इस्टेट व्हीएचडीएलची.

उलट बोर्डावर वेग आहे, पण डोळे नाहीत. सिम्युलेटरमध्ये आतली कुठलीही वायर कुठल्याही क्षणी बघता येते. बोर्डावर दिसतात त्या फक्त पिना आणि आठ एलईडी. आतलं एखादं सिग्नल बाहेर काढायचं तर पुन्हा सिंथेसिस, पुन्हा प्लेस अँड राउट, लॅबच्या पीसीवर प्रत्येक वेळी वीस मिनिटं. चिपमध्येच लॉजिक अॅनालायझर बसवता येतो, पण तो चिपच्याच मेमरीत साठवतो. काही हजार ठोके मावतात, अब्जावधी नाहीत.

हीच अडचण मोठमोठ्या चिप कंपन्यांनाही येते. आयबीएमने तर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच नुसतं लॉजिक सिम्युलेट करण्यासाठी वेगळं समांतर यंत्र बांधलं होतं, यॉर्कटाउन सिम्युलेशन इंजिन नावाचं. पुढे क्विकटर्नसारख्या कंपन्यांनी एफपीजीएंची कपाटंच्या कपाटं भरून त्यांत अख्खे प्रोसेसर उतरवले. आज पॅलेडियम, वेलोसे, झेबू ही त्या घराण्यातली यंत्रं. मोबाईलमधल्यासारखा प्रचंड चिप साध्या सिम्युलेटरवर सेकंदाला शंभरेक ठोक्यांवर येतो. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम बूट करायला एक अब्ज ठोके लागतात असं धरलं तर ११६ दिवस. तेच या यंत्रांवर साधारण एक मेगाहर्ट्‌झने सतरा मिनिटांत. म्हणून चिप बनवायच्या आधीच त्यावर सॉफ्टवेअर चालवून बघता येतं. आपल्या कॉलेजात असलं कपाट नाही. पण पद्धत कपाटात नसते, डोक्यात असते, असं मॅडमचं म्हणणं. ‘‘बोर्डाचा वेग आणि सिम्युलेटरचे डोळे, दोन्ही एकत्र आणा,’’ एवढं सांगून त्या लेक्चरला गेल्या.

पहिलं काम केलं ते बाहेरचं जग तोडण्याचं. खरा सेन्सर दर वेळी वेगळे आकडे देतो, त्यामुळे प्रत्येक रन वेगळा. आम्ही सेन्सर काढून चिपच्या आतच एक खोटा सेन्सर बसवला. शिफ्ट रजिस्टर आणि काही एक्सॉर गेट, एवढ्यावर चालणारा एलएफएसआर. तो वेडेवाकडे आकडे देतो, पण सुरुवात तीच ठेवली की क्रमही तोच. आता बाहेरून आत काहीच येत नव्हतं. सोबत ठोके मोजणारा काउंटर बसवला, ४८ बिटांचा, कारण ३२ बिटी काउंटर ५० मेगाहर्ट्‌झला ८६ सेकंदांतच पुन्हा शून्यावर येतो. शेवटचा आकडा कितव्या ठोक्याला बाहेर पडला, ते त्यात कोरलं जाणार.

पहिला रन. साडेसहा मिनिटांनी बोर्ड गप्प. काउंटर: १९,४७,३३,०८,२१५.

दुसरा रन. १९,४७,३३,०८,२१५.

पार्टनर म्हणाला, ‘‘योगायोग असेल.’’ मी म्हटलं, ‘‘एकोणीस अब्जांत शेवटच्या आकड्यापर्यंतचा योगायोग? मग तू लॉटरी का काढत नाहीस?’’ पंखा बंद करून चालवलं. दुपारच्या उन्हात खिडकीत ठेवून चालवलं. सकाळी सातला, काकांनी मुद्दाम लवकर येऊन लॅब उघडली तेव्हा चालवलं. दुसऱ्या डिपार्टमेंटकडून तसाच बोर्ड मागून आणून त्यावर चालवलं. एकूण अकरा रन. अकराही वेळा तोच आकडा, एका ठोक्याचाही फरक नाही.

इथे जरा थांबून विचार करा. दमट हवेने गेलेला बोर्ड, सैल झालेला सांधा, तापलेला चिप, यांना मोजता येत नाही. ते सकाळी एका ठोक्याला बिघडतील, दुपारी दुसऱ्या. एकोणीस अब्ज ठोके मोजून, दोन वेगवेगळ्या बोर्डांवर, बरोबर त्याच जागी थांबायचं, हे फक्त लॉजिकच करू शकतं. म्हणजे दोष कोडमध्ये. आजार काय ते अजून सापडलं नव्हतं, पण आरोपी सुटला होता. काका शेजारी उभे होते. त्यांना एलएफएसआर वगैरे सांगायची गरज पडली नाही. अकरा ओळींचा कागद बघून म्हणाले, ‘‘म्हणजे ह्यो नेमका वागतोय. बिघडलेला माणूस इतका नेमका वागत नसतो.’’ आमच्या रिपोर्टमधल्या दोन पानांचं सार एवढंच आहे.

पुढचा भाग म्हणजे शोध. डिझाइनमधली सगळी रजिस्टरं एका माळेत ओवली, म्हणजे हवं तेव्हा क्लॉक अडवायचं आणि आतली सगळी स्थिती एकेक बिट बाहेर सरकवायची. मेमरीतले शब्दही पाठोपाठ. काउंटरला सांगितलं, गप्प होण्याच्या वीस हजार ठोके आधी थांब. बोर्ड साडेसहा मिनिटं पळाला, थांबला आणि त्याने आपलं पोट रिकामं केलं. तीच स्थिती सिम्युलेटरमध्ये भरली आणि उरलेले वीस हजार ठोके तिथे चालवले. चार सेकंदांचं काम! ४५ दिवसांचा रस्ता बोर्डाने पळत कापला आणि शेवटची गल्ली सिम्युलेटरने टॉर्च घेऊन दाखवली.

त्या गल्लीत काय दिसलं ते मेसच्या भाषेत सांगतो.

समजा मेसच्या कट्ट्यावर सोळा ताटं मावतात. आतून मावशी भरलेलं ताट ठेवतात, बाहेरून वाढपी उचलतो. हाच आमचा फिफो: मावशी म्हणजे सेन्सर, वाढपी म्हणजे प्रोसेसर. मावशी कट्ट्याकडे बघतात. जागा असेल तर ताट ठेवतात, नसेल तर थांबतात. वाढपी कट्ट्याकडे बघत नाही, वहीत बघतो. वहीत चार ताटं दिसली की येऊन चारही उचलतो, नाहीतर थांबतो. वहीचा नियम साधा: ताट उचललं तर एक कमी कर, नाहीतर ताट ठेवलं असेल तर एक वाढव.

आता एकाच क्षणी मावशींनी ताट ठेवलं आणि वाढप्याने दुसरं उचललं तर? वही ‘उचललं’ बघते आणि एक कमी करते. ठेवलेलं ताट ‘नाहीतर’ या शब्दाखाली चिरडलं जातं. कट्ट्यावर ताट आहे, वहीत नाही. असं एकदा झालं तर काही बिघडत नाही, एक ताट शिळं होत पडून राहतं. पण असं तेरा वेळा झालं की कट्ट्यावर सोळा ताटं आणि वहीत तीन. मावशी म्हणतात जागा नाही, वाढपी म्हणतो चार झाली नाहीत. दोघंही आपापल्या परीने बरोबर, दोघंही उभे आणि हॉस्टेल उपाशी!

सिम्युलेटरमध्ये अगदी हेच चित्र होतं: पॉइंटरांच्या हिशेबाने फिफो भरलेला, मोजणीच्या हिशेबाने आत तीनच नमुने. पण गंमत अशी की वीस हजार ठोक्यांच्या त्या खिडकीत मूळ घटना नव्हतीच. खिडकी उघडली तेव्हाच वही आणि कट्टा जुळत नव्हते. प्रेत इथे सापडलं, पण खून कधीचाच झाला होता.

मग पहारेकरी बसवला. प्रत्येक ठोक्याला पॉइंटरांमधला फरक आणि मोजणी ताडून बघणारं एक छोटं सर्किट, चिपमध्येच. न जुळल्या क्षणी क्लॉक अडव. उद्योगात याला हार्डवेअरमधलं असर्शन म्हणतात. रन सुरू केला आणि साडेचौदा सेकंदांतच बोर्ड थांबला: ठोका ७२,६१,४०,९९३. नुसत्या सिम्युलेटरने इथवर यायला चाळीस तास लागले असते. त्याच्या दोन हजार ठोके आधीची स्थिती काढली, सिम्युलेटरमध्ये भरली आणि वेव्हफॉर्मवर पहिल्यांदा ते दिसलं. ‘लिही’ आणि ‘वाच’ दोन्ही रेषा एकाच ठोक्याला वर, आणि मोजणी एकाने खाली. रात्रीचे अडीच वाजले होते. पार्टनरने इतक्या मोठ्याने आरोळी ठोकली की शेजारच्या रूमवाल्यांनी दार वाजवून विचारलं, ‘‘प्लेसमेंट झाली का रे?’’

कुणाची चूक होती? जुनी बॅकअप चाळून बघितली. पहिल्या बॅचने पॉइंटरवर चालणारा निर्दोष फिफो लिहिला होता. दुसऱ्या बॅचने ‘चार झाले की सांग’ ही सोय हवी म्हणून मोजणी जोडली. त्यांनी टेस्टही केली होती: आधी सगळं लिहून बघितलं, मग सगळं वाचून बघितलं. दोन्ही अचूक. दोन्ही एकाच ठोक्याला झालं तर काय, हा प्रश्न त्यांच्या टेस्टबेंचमध्ये नव्हता. आणि ती वेळ प्रत्यक्षातही सरासरी अर्ध्या मिनिटात एकदाच यायची. असा दोष तीन सेकंदांच्या सिम्युलेशनमध्ये दिसण्याची आशा करणं म्हणजे अमावस्येला चंद्र शोधणं.

दुरुस्ती दोन ओळींची: दोन्ही एकदम झालं तर मोजणी तशीच ठेव. त्यानंतर बोर्ड शुक्रवारी संध्याकाळी चालू केला आणि सोमवारी संध्याकाळी बघितला. चालूच होता, पहारेकरी गप्प. सिम्युलेटरला या तीन दिवसांसाठी ८२ वर्षं लागली असती.

म्हणून आता डिझाइन निर्दोष झालं का? ओरलला एक्स्टर्नल सरांनी नेमकं हेच विचारलं. याचं उत्तर इतिहासात आहे. इंटेलचा पेन्टियम सिलिकॉनवर उतरण्याआधी क्विकटर्नच्या एफपीजीए यंत्रांवर चालवून बघितला गेला होता. तरीही १९९४ साली अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना जुळ्या मूळ संख्यांचे व्यस्तांक काढताना त्याच्या भागाकारात चूक सापडली. भागाकाराच्या तक्त्यातल्या पाच नोंदी गळल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की उत्तर यायला हवं १.३३३८२०…, पेन्टियम सांगायचा १.३३३७३९…. सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, असं कंपनीचं म्हणणं होतं. लोकांना ते पटलं नाही. शेवटी चिप बदलून द्यावे लागले आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. वेग भरपूर होता. पण त्या पाच नोंदींना हात लावणारा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यानंतर अशा तक्त्यांची बरोबरी गणिताने सिद्ध करण्याच्या पद्धतीला जोर आला, तो उगाच नाही.

म्हणून सरांना सांगितलं, ‘‘सर, फिफोची वही आणि कट्टा तीन दिवस जुळले, एवढंच आम्ही म्हणतो. बाकी जे तपासलं नाही त्याची यादी परिशिष्टात दिली आहे.’’ सर हसले. पुढचा प्रश्न फ्लिप-फ्लॉपच्या सेटअप टाइमवर आला, तो वेगळा विषय!

मॅडमनी अकरा रनचा कागद आणि एक पानाचं टिपण काकांच्या खुलाशाला जोडलं. कमिटीनेही आडकाठी केली नाही. त्यांनी लिहिलेल्या ओळीवरून प्रश्न विचारला होता, लिहिलेल्या उत्तरावर मिटवला. रजिस्टरमध्ये बोर्डापुढे ‘कार्यरत’ अशी नोंद झाली. काकांनी ती आम्हाला बोलावून दाखवली. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘‘तेवीस वर्षांत माझ्या कपाटातली एक वस्तू हरवली नाही. जाता जाता एवढं एकच राहिलं होतं.’’ आम्हा दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. पार्टनरने नुसतंच विचारलं, ‘‘काका, चहा?’’

ज्युनिअर्ससाठी एक निरोप. ती माळ, तो पहारेकरी आणि खोटा सेन्सर, तिन्हींचं कोड लॅबच्या तीन नंबरच्या पीसीवर ठेवलंय, कुठल्याही डिझाइनला जोडता येतं. बोर्ड त्याच डब्यात आहे, पुड्यांसकट. तुमचं डिझाइन बंद पडलं तर रिपोर्टमध्ये ‘बोर्ड सदोष’ लिहिण्याआधी ते दोनदा चालवा आणि ठोके मोजा. दोन्ही वेळा आकडा सारखा आला, तर ती ओळ लिहू नका. ती ओळ तुम्ही विसराल, पण कुणाला तरी तिचा खुलासा द्यावा लागतो.

– अंतिम वर्ष, ई अँड टीसी